पट्टीला इंग्रजीत काय म्हणावे?



आजच्या व्याख्यानाचे नाव पत्रिकेत वाचून पुष्कळांना हसू आले असेल. ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मयाचे निरूपण ऐकायचे, देशाच्या अर्थकारणाची चिकित्सा ऐकायची, तेथे कामगारांच्या युनियनचा एक माणूस उभा राहतो आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीविषयी बोलू लागतो. तोही कोणता, तर ज्याचे शाळेतले शिक्षण अर्ध्यावर सुटले आणि ज्याने इंग्रजी शिकले ते जुनी वर्तमानपत्रे आणि एक फाटका कोश यांच्या आधाराने. चालकांनी मला विचारले, "विषय काय लिहू?" मी म्हणालो, "पट्टीला इंग्रजीत काय म्हणावे." त्यांना वाटले, मी विनोद करतो आहे. मी विनोद करीत नव्हतो. या एका शब्दापायी एका माणसाचे साडेसात हजार रुपये बुडाले, आणि ते माझ्या हातून बुडाले. ती हकीगत आधी सांगतो, मग शब्दाकडे वळतो.

गोष्ट १९९७ सालची आहे. आपल्या जिल्ह्यात कापसाचा हंगाम म्हणजे काय, हे या सभेला सांगण्याची गरज नाही. जलंबहून खामगावला १८७० साली रेल्वेचा फाटा आला तो मुख्यतः कापसासाठी. आणि तेव्हापासून जिन आणि प्रेस हे शब्द आपल्या बोलीत इतके मुरले की ते परके आहेत हेही आपण विसरलो. अशाच एका जिनात तीस वर्षांचा एक गडी कामाला होता. जिनाचे नाव मी घेणार नाही, कारण आज मी मालकाचा दोष सांगायला उभा नाही, माझा सांगायला उभा आहे. त्या गड्याची उजव्या हाताची तर्जनी रोलरजवळ सापडली. मुकादमाने प्रथमोपचाराच्या पेटीतून जाळीच्या कापडाची घडी काढली, जखमेवर ठेवली, आणि वरून मनगटापर्यंत लांब पट्टी गुंडाळून गाठ मारली. त्याने त्याचे काम बरोबर केले. माझे काम होते मालकाला नोटीस लिहिण्याचे.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि मला इंग्रजी लिहिता येते याचा मला फार अभिमान होता. मराठीत लिहिले असते तरी चालले असते. परंतु मालकाच्या पेढीवर इंग्रजी पत्र गेले म्हणजे युनियनचा वचक बसतो, अशी माझी समजूत. मी लिहिले की अमुक दिवशी, अमुक वेळी या कामगाराच्या बोटाला इजा झाली व त्यावर बँड-एड लावण्यात आले. माझ्या मनात अर्थ एवढाच होता की पट्टी बांधली. आमच्या वस्तीत पट्टी म्हणजे बँडेज, बँडेज म्हणजे बँड-एड. तिन्ही शब्द एकाच डब्यातले.

तिसऱ्या दिवशी बोट काळे पडले. दवाखान्यात वरचे एक पेर काढून टाकावे लागले. भरपाईचा दावा आयुक्तांपुढे गेला, तेव्हा समोरच्या वकिलांनी माझेच पत्र पुढे केले. ते म्हणाले, "साहेब, युनियनच्या पुढाऱ्याने अपघाताच्या दिवशी स्वतःच्या सहीने लिहिले आहे की बँड-एड लावले. बँड-एड म्हणजे पोराचा गुडघा खरचटला तर लावतात ती चिकटपट्टी. जिच्याने भागले ती जखम पेर जाण्याइतकी कशी असेल? हे बोट घरी कडबा कापण्याच्या यंत्रात गेले असले पाहिजे." मी उठून सांगू लागलो की माझ्या म्हणण्याचा अर्थ तसा नव्हता. पण कागदाला अर्थ विचारता येत नाही, तो लिहिलेले तेवढे दाखवितो.

आता यात पैशाचा हिशेब काय होता तो पाहा. त्या वेळी १९२३ चा भरपाईचा कायदा लागू होता. त्याच्या पहिल्या परिशिष्टात कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची शक्ती किती टक्के गेली, याचा तक्ता दिलेला होता. अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, तिची दोन पेरे गेली तर ११, एक पेर गेले तर ९, आणि हाड न जाता नुसते टोक छाटले गेले तर ५. आमच्या गड्याचा पगार महिना १,५०० रुपये. त्याचे ६० टक्के म्हणजे ९००. तीस वर्षांच्या वयाला कायद्याने दिलेला गुणक २०७.९८. गुणाकार १,८७,१८२ रुपये. त्याचे ९ टक्के म्हणजे १६,८४६ रुपये, आणि ५ टक्के म्हणजे ९,३५९. तारखांवर तारखा पडत गेल्या. सव्वा वर्ष असे गेल्यावर समोरच्या बाजूने निरोप आला, की टोक गेले एवढे आम्ही मानतो, पाच टक्क्यांच्या हिशेबाने घ्या आणि मिटवा. पेरणी तोंडावर आली होती, घरात दाणा नव्हता. त्याने घेतले. दोन आकड्यांमधला फरक ७,४८७ रुपये, म्हणजे जवळजवळ त्याचा पाच महिन्यांचा पगार.

मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, जाऊ द्या ना. तुमी काई जानूनबुजून नाई केलं." समोरच्या वकिलांच्या बोलण्यापेक्षा हे वाक्य मला अधिक लागले. त्या रात्री मी कोश काढून बसलो. त्या रात्री जे शिकू लागलो ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

इंग्रजीत आपल्या या एका पट्टीसाठी निदान चार शब्द आहेत, आणि चौघांची कामे वेगळी आहेत. पहिला शब्द ड्रेसिंग. जखमेला प्रत्यक्ष भिडते ते ड्रेसिंग. जाळीच्या कापडाची निर्जंतुक घडी, तिच्यात कधी कापूस, कधी मलम. रक्त आणि पू शोषून घेणे व धूळ बाहेर ठेवणे हे तिचे काम. दुसरा शब्द बँडेज. ते जखमेला शिवलेच पाहिजे असे नाही. ड्रेसिंग जागेवर धरून ठेवणे, दाब देणे, मुरगळलेल्या सांध्याला आधार देणे, मोडलेला हात गळ्यात अडकवणे ही बँडेजची कामे. म्हणून गुंडाळायची लांब पट्टीही बँडेज, आणि हात झोळीत टाकण्याचा तिकोनी रुमालही बँडेजच. आमच्या मुकादमाने घडी ठेवली ते ड्रेसिंग, वरून गुंडाळले ते बँडेज. त्याला दोन्ही नावे ठाऊक नव्हती, पण दोन्ही कामे ठाऊक होती. मला नावे ठाऊक होती, पण कामे ठाऊक नव्हती.

तिसरा शब्द प्लास्टर, आणि याच्यापासून आपण मराठी माणसांनी फार सांभाळले पाहिजे. आपण 'प्लास्टर घातले' म्हणतो तेव्हा हाड मोडलेले असते. १८५२ साली मॅथायसन नावाच्या डच लष्करी डॉक्टरने जिप्समची भुकटी लावलेल्या पट्ट्या ओल्या करून गुंडाळण्याची युक्ती प्रसिद्ध केली, त्या रीतीचे हे प्लास्टर. परंतु इंग्लंडात घरोघर प्लास्टर म्हणतात ते बोटाला लावायच्या लहानशा चिकटपट्टीला. एकाच शब्दात पायाचे मोडलेले हाड आणि भाजी चिरताना कापलेले बोट, दोन्ही बसतात! इंग्रज माणूस हा घोळ एका अक्षराने सोडवितो. 'अ प्लास्टर' म्हटले की चिकटपट्टी, आणि पाय 'इन प्लास्टर' आहे म्हटले की हाड मोडले आहे. आमच्या एका हमालाच्या रजेच्या अर्जात मी एकदा पायावर प्लास्टर आहे अशा थाटाचे वाक्य लिहून दिले आणि सहा आठवड्यांची रजा मागितली. बाहेरगावाहून आलेल्या एका अधिकाऱ्याने तो अर्ज वाचून विचारले, "एवढ्याशा पट्टीसाठी सहा आठवडे?" हमाल कुबड्यांवर उभा होता म्हणून ते हसण्यावारी गेले. तो तेथे नसता आणि अर्ज टपालाने गेला असता, तर रजा गेली असती.

चौथा शब्द बँड-एड. इतर तीन शब्द हे सर्वांचे आहेत, हा एका कंपनीचा आहे. त्याच्या जन्माची कथा खामगावच्या माणसाला आवडण्यासारखी आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या न्यू ब्रन्सविक या गावी १८८६ साली जॉन्सन अँड जॉन्सन ही कंपनी निघाली. जखमेवरचा कापूस आणि जाळीचे कापड हा तिचा पहिल्यापासूनचा व्यवसाय. तिच्याकडे अर्ल डिक्सन नावाचा एक नोकर होता. त्याचे काम काय? कापूस खरेदी करणे! आपल्या बाजारात गाडीवरचा कापूस मुठीत घेऊन पारखणारा माणूस असतो, तशाच धंद्यातला हा माणूस. त्याची पत्नी जोसेफाइन हिला स्वयंपाक करताना वारंवार कापायचे, भाजायचे. मोठे ड्रेसिंग बोटावर राहीना, आणि एका हाताने दुसऱ्या हाताला पट्टी बांधता येईना. तेव्हा १९२० साली डिक्सनने चिकटपट्टीची एक लांब गुंडाळी उलगडली, तिच्या मधोमध जाळीच्या कापडाच्या घड्या अंतराअंतरावर ठेवल्या, आणि चिकट बाजू सुकू नये म्हणून वर ताठ कापड पसरले. बायकोने हवा तेवढा तुकडा कापून घ्यायचा आणि स्वतःच्या हाताने लावायचा.

म्हणजे ड्रेसिंग आणि त्याला धरून ठेवणारी पट्टी या दोन वस्तू त्याने एकत्र केल्या. कंपनीने १९२१ साली हा माल बाजारात आणला. पहिल्या वर्षी विक्री जेमतेम तीन हजार डॉलरची झाली. लोकांना ते काय आहे हेच कळेना. १९२४ पासून ते यंत्रावर होऊ लागले, पुढे जगभर गेले, आणि कापूस खरेदी करणारा डिक्सन कंपनीचा उपाध्यक्ष झाला. आपल्या देशात या कंपनीचा माल १९४७ पासून येऊ लागला. २०२३ मध्ये हे नाव तिच्यातून वेगळ्या निघालेल्या केनव्ह्यू या कंपनीकडे गेले.

आता लिहिण्याचा नियम. बँड-एड हे विशेषनाम आहे, म्हणून इंग्रजीत लिहिताना त्यातला बी मोठा, ए मोठा, आणि दोन शब्दांच्या मध्ये आडवी रेघ. त्याचा शेवटचा शब्द 'मदत' या अर्थाचा, ए, आय, डी असा तीन अक्षरी; त्याला शेवटी ई जोडली की तो मदतनीस होतो. वस्तू त्या कंपनीची आहे हे तुम्हांला नक्की ठाऊक असेल तरच हे नाव लिहावे. एरवी अमेरिकन वळणाने 'अ‍ॅडहीसिव्ह बँडेज' आणि इंग्रजी वळणाने 'स्टिकिंग प्लास्टर' लिहावे. कंपनी स्वतः तर याहून काटेकोर आहे. ती बँड-एड हे नाम म्हणून वापरीतच नाही. बँड-एड ब्रँडची चिकटपट्टी, असे विशेषण करून लिहिते. ती असे का करते? नाव फार लोकप्रिय झाले की ते मालकाच्या हातून निसटते म्हणून. अ‍ॅस्पिरिन हे एके काळी बायर या जर्मन कंपनीचे राखीव नाव होते. १९२१ साली अमेरिकेतल्या न्यायालयाने म्हटले की सामान्य लोकांना हे आता औषधाचेच नाव वाटते, कंपनीचे नव्हे. आपल्याकडे डालडा हे नाव १९३७ साली एका वनस्पती तुपाला दिले गेले, आणि घरोघरच्या आयांनी कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा करून टाकले. झेरॉक्सचे तेच झाले.

तुम्ही म्हणाल, कामगारांच्या पुढाऱ्याला एका परदेशी कंपनीच्या मोठ्या अक्षरांची एवढी काळजी कशाला? कंपनीची मला काळजी नाही, तिला वकील पुष्कळ आहेत. मला काळजी आहे ती वाचणाऱ्याच्या मनात उभ्या राहणाऱ्या चित्राची. जाळीची घडी आणि मनगटापर्यंतची पट्टी असे शब्द वाचले की वाचणाऱ्याला रक्त दिसते. बँड-एड हा शब्द वाचला की त्याला खरचटलेला गुडघा दिसतो. वस्तूचे नाव चुकले की जखमेचा आकार बदलतो.

हेच खरेदीच्या यादीतही घडते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४५ व्या कलमाने दर दीडशे कामगारांमागे निदान एक प्रथमोपचाराची पेटी ठेवण्यास सांगितले होते. पेटीत काय असावे याच्या याद्या नियमांत दिलेल्या असतात. लहान, मध्यम आणि मोठी निर्जंतुक ड्रेसिंगे, भाजल्यावरची ड्रेसिंगे, गुंडाळायच्या पट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, अशा त्या याद्या. मी असे कारखाने पाहिले आहेत की जेथे कोणी खरेदीच्या चिठ्ठीवर नुसते 'बँड-एड शंभर नग' लिहिले आणि पेटीत शंभर चिकटपट्ट्या येऊन पडल्या. पेटी भरलेली दिसते, कागद पुरा होतो, आणि ज्या दिवशी माणसाचा पंजा फाटतो त्या दिवशी पेटीत त्यावर ठेवायला काही नसते. चिठ्ठी लिहिणाराने लबाडी केली असे म्हणवत नाही. त्यालाही माझ्यासारखाच एक शब्द सर्वांना पुरत होता.

आता कापसाविषयी दोन शब्द बोलतो, कारण तो आपल्या घरचा. आपण दुकानात 'कॉटन द्या' म्हणतो. इंग्रजीत नुसते कॉटन लिहिले तर ते कापड, सूत, शेतातले पीक काहीही होईल. जखमेसाठीच्या कापसाला इंग्लंडात 'कॉटन वूल' म्हणतात, आणि त्यात लोकर तसूभरही नसते; अमेरिकेत 'अ‍ॅब्सॉर्बंट कॉटन', म्हणजे शोषून घेणारा कापूस. हे दुसरे नाव अधिक प्रामाणिक आहे. आपल्या जिनातून निघालेली कच्ची रुई पाण्याच्या भांड्यात टाकून पाहा. ती तरंगत राहते, कारण तिच्या तंतूवर मेणाचा थर असतो. तीच रुई कॉस्टिक सोड्यात उकळून, मेण काढून, शुभ्र करून घेतली की पाणी पिऊ लागते. औषधी कापसाची परीक्षा हीच असते: पाण्यावर टाकल्यापासून दहा सेकंदांच्या आत तो बुडाला पाहिजे. जिनात राबणाऱ्या माणसाच्या जखमेवर जो कापूस ठेवतात तो त्याच्याच हाताखालून गेलेला असू शकतो. तो पिकवणाऱ्याने आणि पिंजणाऱ्याने त्याचे नाव चुकीचे का लिहावे?

बँड-एड या शब्दाला इंग्रजीत एक लाक्षणिक अर्थही आला आहे. मूळ दुखणे तसेच ठेवून वरवरचा उपाय केला तर त्याला बँड-एड उपाय म्हणतात. या अर्थी तो पुष्कळदा लहान अक्षरांतच लिहितात. १९८४ साली इथिओपियातल्या दुष्काळासाठी इंग्लंड-आयर्लंडच्या गायकांनी गाणे काढून निधी जमविला, तेव्हा आपल्या संघाचे नाव त्यांनी बँड एड असेच ठेवले. वाद्यवृंदाची मदत असा त्याचा सरळ अर्थ; शिवाय एवढ्या मोठ्या जखमेला ही लहानशी पट्टी, अशी कबुलीही त्यात होती. आपल्याला या अर्थासाठी इंग्रजीकडे जाण्याचे कारण नाही. मलमपट्टी हा आपला शब्द दोन्ही कामे केव्हापासून करतो आहे. फक्त मालकाला लिहिताना लक्षात ठेवावे की तुम्ही सरळ अर्थाने लिहिलेले बँड-एड त्याचा वकील लाक्षणिक अर्थाने वाचू शकतो. क्षुल्लकपणाचा वास त्या शब्दाला आता कायमचा चिकटला आहे.

तर मग लिहावे कसे? पंचवीस वर्षे नोटिसा लिहून मी जी रीत ठरविली ती सांगतो. पट्टीपासून कधी सुरुवात करू नये, जखमेपासून करावी. कोणता हात, कोणते बोट, कितवे पेर, कातडे कापले की हाड दिसत होते, रक्त किती वेळ वाहिले. हे सारे आले की मग त्यावर काय ठेवले आणि वरून काय बांधले ते दोन वेगळ्या शब्दांनी लिहावे. कोणी बांधले आणि पुढे कोठे नेले तेही लिहावे. आणि पुढे दुखणे वाढले तर त्याच दिवशी दुसरे पत्र द्यावे. १९९७ साली मी तिसऱ्या दिवशी दुसरे पत्र दिले असते तर पहिल्या पत्रातली चूक पुष्कळशी भरून निघाली असती. आज मोबाईलवर छायाचित्र काढता येते, ते अवश्य काढावे. परंतु दावा शब्दांत लिहावा लागतो आणि शब्दांनीच खोडला जातो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ज्या १९२३ च्या कायद्याखाली मी ती इंग्रजी नोटीस ऐटीत लिहिली, त्याच्या दहाव्या कलमात नोटिशीत काय असावे ते सांगितले होते: जखमी माणसाचे नाव, पत्ता, अपघाताची तारीख, आणि इजेचे कारण साध्या भाषेत. साध्या भाषेत! कायदा माझ्याकडे इंग्रजीचा थाट मागत नव्हता. 'उजव्या हाताच्या तर्जनीचे वरचे पेर रोलरखाली चेंगरले' हे एक मराठी वाक्य त्याला पुरले असते. आणि पाहा, कायद्याचा तक्ता ज्या मापाने टक्के मोजतो ते माप म्हणजे पेर. आपल्या आजीलाही ठाऊक असलेला शब्द. आपल्या भाषेत नेमका शब्द घरात असताना मी परका आणि अर्धवट कळलेला शब्द वापरावयास गेलो.

यावरून कोणी असे समजू नये की मी कामगाराला इंग्रजी शिकू नको म्हणतो. उलट शीक म्हणतो, आणि पुरते शीक म्हणतो. आमच्या चळवळीचा आरंभच नेमक्या लिहिण्याने झाला आहे. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या पाहा. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगाराची ठराविक मुदत. आणि कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, जन्माचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय. त्यात तात्पुरती इजा आणि कायमचे अपंगत्व हे दोन वेगळे धरले आहेत. भरपाईचा कायदा यायला त्यानंतर एकोणचाळीस वर्षे लागली, पण हा भेद लोखंड्यांच्या अर्जात आधीच होता. बँड-एड आणि बँडेज यांतला भेद त्याच जातीचा आहे. एक चार दिवसांत निघते, दुसरे निघाले तरी खाली काय उरले हे पाहावे लागते.

कायदे बदलतात. १९२३ च्या कायद्याच्या नावातला कामगार जाऊन २०१० साली तेथे कर्मचारी आला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा व १९४८ चा कारखाने कायदा नव्या संहितांत विलीन झाले. कलमांचे आकडे बदलले, मुकादमाच्या जागी कंत्राटदाराचा माणूस आला. पण नव्या संहितेखालीही पहिला कागद कोणी तरी लिहावाच लागतो, आणि तो बहुधा अपघाताच्या दिवशी, घाईत, दहावी-बारावी शिकलेल्या एखाद्या पोराकडून लिहिला जातो. त्या पोराला ऐकू जावे म्हणून मी आज बोललो. या सभेत शिक्षक आहेत, औषधांचे दुकानदार आहेत, बँकेत आणि कचेरीत काम करणारे आहेत. तुमच्याकडे कोणी असा कागद लिहून घ्यायला आला, तर कृपा करून एक प्रश्न विचारा: "पट्टी राहू दे, आधी जखम दाखव."

त्या गड्याची माझी गाठ अजूनही बाजाराच्या दिवशी पडते. तो त्याच हाताने मला नमस्कार करतो. पाच महिन्यांच्या पगाराची ती रक्कम मी त्याला देऊ केली होती. त्याने घेतली नाही. तेव्हापासून माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक नोटिशीत मी ड्रेसिंग आणि बँडेज हे शब्द लिहिण्यापूर्वी एकदा थांबतो आणि ते बोट आठवतो.